याला जुगाड म्हणू नका

आपल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक लॅपटॉप पडलेला असतो. भाईजान इंजिनिअरिंगला असताना २०१२-१३ च्या सुमारास घेतलेला, जाड, जड, कडेला सीडी ड्राइव्ह असलेला. ‘तो आता चालत नाही’ असं घरातले सांगतात. खरं तर तो चालतो. सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, ब्राउझर उघडायला आणखी दोन, म्हणून त्याला ‘चालत नाही’ म्हणायचं. आणि त्याच घरात अकरावीतली मुलगी मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सीईटीची तयारी करते, त्याच मोबाइलवर अंगठ्याने मराठीचा प्रकल्प टाइप करते, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मात्र सायबर कॅफेत रांग लावते.

माझं म्हणणं सरळ आहे. असा लॅपटॉप कपाटावर ठेवणं किंवा किलोच्या भावाने भंगारवाल्याला देणं हा इसराफ आहे, म्हणजे उधळपट्टी आहे. आणि तो तिथे पडलेला असताना हप्त्यांवर नवा घेणं हा दुप्पट इसराफ आहे. यात फक्त घरातल्या माणसांचा दोष नाही. कंपन्या, दुकानदार, आपले ट्रस्टी आणि आम्ही शिक्षक, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

आधी यंत्राचं बोलू, कारण या विषयात अज्ञानावरच सगळा धंदा चालतो.

जुना लॅपटॉप हळू असतो तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे. त्या डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी असते. लॅपटॉपमधली ती साधारण मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकत माहिती वाचते. दांडीने जागा गाठायची, तबकडी फिरून तिच्याखाली यायची वाट पाहायची, मग वाचायचं. अशा विखुरलेल्या जागा ती सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही. आजची सॉफ्टवेअर मात्र सुरू होताना हजारो बारीक फायली एकदम मागतात. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘मशीन म्हातारं झालं’. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. सगळी चिपमध्ये साठवण. ती सेकंदाला हजारो जागा वाचते. तोच लॅपटॉप, तोच प्रोसेसर, तीच रॅम, फक्त हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली की पाच मिनिटांचं काम अर्ध्या-एक मिनिटात होतं.

मग जुन्या हार्ड डिस्कचं काय करायचं? तिच्यात ५०० जीबी जागा आहे, घरातले फोटो आहेत, अब्बांच्या नोकरीची कागदपत्रं आहेत. इथे ती कडेची सीडी ड्राइव्ह कामाला येते. तिच्यात शेवटची सीडी कधी टाकली ते कोणालाही आठवत नाही. ती ड्राइव्ह बाहेर काढता येते आणि तिच्या रिकाम्या खणात जुनी हार्ड डिस्क बसवता येते. यासाठी एक साधी चौकट मिळते. बाजारात तिला ‘कॅडी’ म्हणतात. किंमत काही शे रुपये. कॅडी आणि लहान एसएसडी मिळून जो खर्च येतो तो नव्या लॅपटॉपच्या किमतीचा छोटासा हिस्सा असतो.

काम किती अवघड आहे? चार्जर काढायचा, बॅटरी काढायची. बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या पाठीवर सीडी ड्राइव्हला धरून ठेवणारा एकच स्क्रू असतो. तो काढला की ड्राइव्ह कडेने ओढून बाहेर येते. तिच्या पुढची प्लास्टिकची पट्टी आणि मागची पत्र्याची क्लिप काढून कॅडीला लावायची, म्हणजे कड पूर्वीसारखी दिसते. कॅडीत हार्ड डिस्क सरकवायची आणि कॅडी खणात. मुख्य खणात एसएसडी. काही मॉडेलमध्ये त्या मुख्य खणासाठी खालचं झाकण पूर्ण उघडावं लागतं, तिथे वेळ जास्त लागतो, पण विद्या तीच.

दोन-तीन गोष्टी मात्र आधी बघायच्या. सीडी ड्राइव्हची जाडी १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर असते. मोजून त्याच जाडीची कॅडी घ्यायची. २००५-०८ च्या फार जुन्या यंत्रात जोडणी आयडीई पद्धतीची असू शकते, तिथे साटाची कॅडी चालत नाही. एसएसडी मुख्य खणातच लावायची आणि हार्ड डिस्क कॅडीत, उलटं नाही. कारण काही लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्हची जोडणी कमी वेगाची असते, आणि काहींमध्ये तिथून यंत्र सुरूच होत नाही. फिरत्या डिस्कला तो कमी वेग पुरतो, एसएसडीला पुरत नाही. आणि हात लावण्याआधी घरात जपलेल्या निकाहच्या डीव्हीडी, तकरीरांच्या सीडी, असतील तेवढ्या कॉपी करून घ्यायच्या. काढलेली ड्राइव्हही फेकायची नाही. तिला यूएसबीचं कव्हर मिळतं. गरज पडली की बाहेरून जोडता येते.

हे सगळं सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, ‘सर, हा जुगाड झाला.’ या शब्दाचा मला राग येतो. लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेत याच खणाला ‘अल्ट्राबे’ म्हणत आणि सीडी ड्राइव्ह काढून दुसरी हार्ड डिस्क बसवण्याची चौकट कंपनी स्वतः विकत होती. म्हणजे मोठ्या कंपनीच्या साहेबाने केलं तर ती ‘सोय’, आणि कुर्ल्याच्या किंवा मालेगावच्या पोराने तेच काम केलं तर ‘जुगाड’! स्क्रू तोच, जोडणी तीच. फरक फक्त करणाऱ्याच्या पत्त्यात आहे.

आता कंपन्यांचं. ज्या काळात लॅपटॉपला असे खण होते, त्या काळात मालकाला काही हक्क होते. रॅम वाढवता येत होती, बॅटरी हाताने निघत होती, डिस्क बदलता येत होती. २००८ साली अॅपलने मॅकबुक एअर आणला, त्यात सीडी ड्राइव्ह नव्हती. तिथपर्यंत ठीक होतं. सीडीचा जमाना संपतच होता. पण २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर डाखाने पक्की केली आणि बॅटरी गोंदाने चिकटवली. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. पातळ आणि हलकं हवं म्हणून, असं कारण देतात. ते अर्धंच खरं आहे. २०२१ मध्ये फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने पातळ लॅपटॉप बाजारात आणला आणि त्यात रॅम, साठवण, बॅटरी, सगळं मालकाला बदलता येतं. म्हणजे करता येतं. बाकीच्यांना करायचं नाही, कारण बंद डब्याचा एक भाग बिघडला की अख्खा डबा नवा विकता येतो.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर ‘ही किती दुरुस्त होऊ शकते’ याचे गुण छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टल उघडल्याने लॅपटॉपचं झाकण उघडत नाही. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘यातली रॅम वाढते का? डिस्क बदलता येते का?’ असं विचारेल तेव्हा कंपन्यांना जाग येईल. आपण मात्र रंग आणि बॅगेची ऑफर विचारतो.

दुकानदाराचा सल्ला तर ठरलेला असतो. ‘एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या, हप्ते करून देतो.’ त्याला दुरुस्तीत सुटणारे पैसे थोडे, नव्या विक्रीत जास्त. त्याचा धंदा आहे, त्याला दोष देत नाही. पण हप्ता म्हटलं की आपल्या घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. बँकेचं व्याज हात न लावता सोडून देणारा बाप मुलीच्या शिक्षणासाठी व्याजाच्या हप्त्यावर सही करतो आणि मनात अपराधी राहतो. ज्या वस्तूची गरज दोन-अडीच हजारांत भागली असती, तिच्यासाठी एका दीनदार माणसाला या पेचात टाकणं हा मला अन्याय वाटतो.

इसराफबद्दल आपल्याला नवीन काही सांगायला नको. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्यातल्या उधळपट्टीला मनाई आहे. सूरह बनी इसराईलमध्ये उधळ्या माणसांचं नातं थेट सैतानाशी जोडलं आहे. हज़रत आयशा (रज़ि.) यांच्या रिवायतीत येतं की रसूलुल्लाह (स.) आपली चप्पल स्वतः सांधत, कपडा स्वतः शिवत. जुम्म्याच्या बयानात आपण हे सगळं ऐकतो आणि ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. मग घरी येऊन, दुरुस्त होण्यासारखी वस्तू फेकून देतो. चप्पल सांधण्याची सुन्नत आजच्या काळात कशी पाळायची, असा प्रश्न कोणी विचारला तर मी म्हणेन, हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्या.

आणि फेकलेली वस्तू जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा करून पुनर्वापरात आला. आपल्या देशात दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जुने संगणक फोडले जातात, मुरादाबादेत सर्किट बोर्ड जाळून त्यातले धातू काढल्याचं अनेकदा समोर आलं आहे. या वस्त्या कोणाच्या आहेत हे वाचकांना माहीत आहे. आपण ‘जुना झाला’ म्हणून टाकलेल्या लॅपटॉपचा धूर शेवटी आपल्याच गरीब भावंडांच्या छातीत जातो.

आता जरा आपल्या संस्थांकडे वळू, कारण खरं दुखणं तिथे आहे. दरवर्षी कुठे ना कुठे गुणवंतांना लॅपटॉप वा टॅब वाटपाचा कार्यक्रम होतो. स्टेज, शाल, पुष्पगुच्छ, आमदारसाहेब, फोटो. दहा मुलांना नवे लॅपटॉप मिळतात. त्याच शाळेच्या एका खोलीत कुलूप लावून वीस-पंचवीस जुनी यंत्रं धूळ खात असतात. दहा नव्यांच्या पैशात ती सगळी जिवंत झाली असती आणि दहाऐवजी पन्नास मुलांचे हात कीबोर्डवर बसले असते. पण दुरुस्तीचा फोटो चांगला येत नाही. कॅडी देताना आमदारसाहेब कसे दिसतील?

ज़कातीच्या पैशाचं पथ्यही इथे लक्षात घ्यायला हवं. हनफी मसलकात ज़कात म्हणजे मुस्तहिक व्यक्तीला त्या वस्तूचा मालक करणं. शाळेच्या लॅबच्या दुरुस्तीला ज़कात थेट लागत नाही, तिथे लिल्लाहची, म्हणजे ऐच्छिक दानाची रक्कम हवी. पण गरीब विद्यार्थिनीला दुरुस्त केलेला लॅपटॉप तिच्या मालकीचा करून देता येतो. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. पैशाची अडचण म्हणून जे सांगितलं जातं, ती बहुतेक वेळा नियोजनाची अडचण असते.

यावर एक चांगला आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ‘गरिबांना जुनंच का द्यायचं? स्वतः घेताना डोळे मिटावे लागतील अशी वस्तू दान करू नका, असं सूरह बकरात आहे.’ बरोबर आहे, २६७ वी आयत. म्हणूनच मी म्हणतो, कपाटावरचा लॅपटॉप आहे तसा कोणाच्या गळ्यात मारू नका. ते दान नव्हे, घरातली अडगळ काढणं झालं. एसएसडी लावा, पंख्यातली धूळ काढा, जुन्या डिस्कची तपासणी करा, ती आजारी असेल तर वापरू नका, तुमच्या घरचा डेटा पूर्ण पुसा. मग तो स्वतः आठवडाभर वापरा. तुमचं काम नीट झालं तर तो देण्यालायक झाला.

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. सीडी ड्राइव्हच्या काळातली बहुतेक यंत्रं त्या नियमात बसत नाहीत. म्हणजे चांगलं चालणारं यंत्र एका कंपनीच्या निर्णयाने ‘जुनं’ ठरलं. उपाय आहे, लिनक्स. मोफत आहे, जुन्या यंत्रावर चालतं, सुरक्षेचे अपडेट येत राहतात. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत, तिथली मुलं मागे पडली असं कोणी म्हणत नाही. लिनक्सवर मराठी टाइप होते, उर्दूही होते, नोटो नस्तालीक फॉन्ट फुकट मिळतो. ज्यांचं जुनं काम इनपेजमध्ये अडकलेलं आहे त्यांनी एक यंत्र विंडोजवर ठेवावं आणि ते इंटरनेटपासून दूर ठेवावं. बाकीच्यांना अडचण नाही.

प्रत्येक यंत्र वाचवण्यासारखं असतं, असा माझा दावा नाही. रॅम दोन जीबीच्या वर जात नसेल, बोर्ड जळलेला असेल, बिजागरी तुटून पडदा लटकत असेल, तर ते यंत्र रीतसर ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावं. आणि कॅडीतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप, असंही समजू नये. लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही डिस्क जातील. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत घरात वेगळी असलीच पाहिजे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो हुनराचा. भिवंडी आणि मालेगावच्या मागवाल्यांनी दुसऱ्यांनी वापरून विकलेले जुने यंत्रमाग आणून पिढ्यान्‌पिढ्या चालवले, सुटे भाग गल्लीतच घडवले. हे हात आपल्या कौमचे आहेत. आणि आज त्याच घरातला बाप पोराला दटावतो, ‘शिकून काय मेकॅनिक होणार का?’ हज़रत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, लोखंडाची चिलखतं घडवत, हे मक्तबात शिकवायचं आणि हाताला काळं लागलेल्या पोराला कमी लेखायचं, हा दुटप्पीपणा आहे. एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं घराघरांत फ्रेम करून लावलेली आहेत. पण रॅम कशी दिसते हे विचारलं तर प्रमाणपत्रवाले एकमेकांकडे बघतात. तो दोष मुलांचा नाही. आम्ही शिक्षकांनी ‘खराब होईल, हात लावू नको’ एवढंच शिकवलं.

आणि हे मुलींना आधी शिकवलं पाहिजे. लॅपटॉपमध्ये घरातले फोटो असतात, मैत्रिणींचे फोटो असतात, खाजगी पत्रव्यवहार असतो. तो अनोळखी दुकानात दोन दिवस ठेवून यायचा म्हटलं की मुलीच्या पोटात गोळा येतो, आणि त्या भीतीपोटी यंत्र बंदच राहतं. पर्द्याबद्दल इतकं बोलणाऱ्या समाजाला ही गोष्ट सुचायला हवी होती. ज्या मुलीला स्वतःची डिस्क स्वतः काढता येते, तिला कोणाच्या दयेवर राहावं लागत नाही. उद्या तिने मोहल्ल्यातल्या बायकांचे लॅपटॉप दुरुस्त केले तर घरबसल्या हलाल कमाई होईल, आणि तिच्याकडे यंत्र द्यायला कोणती बाई कचरेल?

यासाठी मोठी योजना लागत नाही. शाळेत एक टेबल, चार स्क्रू-ड्रायव्हर, एक बंद पडलेला लॅपटॉप उघडून शिकण्यासाठी, आणि मोहल्ल्यातला एक कारीगर, ज्याला महिन्यातून दोन शनिवार मानधन देऊन सन्मानाने ‘उस्ताद’ म्हणून बोलवायचं. नववीची मुलं-मुली एका महिन्यात कॅडी बसवायला शिकतील. वर्षभरात कुलूपबंद खोलीतली यंत्रं त्यांच्याच हातून सुरू होतील.

पुढच्या वाटप समारंभाचं निमंत्रण तुमच्या हाती आलं की जरूर जा, चहा घ्या, आणि ट्रस्टींना अदबीने एवढंच विचारा: शाळेच्या त्या बंद खोलीत किती यंत्रं आहेत, आणि त्यातलं एक तरी उघडून पाहिलं आहे का? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.